जिभाऊ आणि परदेशचा परवाना

आमच्या पिंप्राळ्यातल्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आलेल्या प्रत्येकाने घराचं तोंडभरून कौतुक केलं. एकटे शेजारचे जिभाऊ जेवण झाल्यावर हात पुसत स्वयंपाकघरात शिरले. ओट्यामागच्या भिंतीवर त्यांनी बोटांनी टकटक केली, शर्टाच्या खिशातून ओळंबा काढून दोरी वरून सोडली, एक डोळा मिटून पाहिलं आणि मला म्हणाले, "ताई, भिंतीला पोट आलंय. पडायची नाही. पण आलंय हे खरं." धड ओळखदेख झालेली नाही, खाल्लेली जिलबी अजून घशाखाली उतरलेली नाही, आणि हा माणूस माझ्या नव्या कोऱ्या भिंतीला नावं ठेवतो! मला असा राग आला की त्यांना विडा द्यायचं मी मुद्दाम विसरले. पण त्या दिवसापासून चहा टाकताना माझी नजर न चुकता त्या पोटावर जाते. त्याआधी ते मला दिसलंच नव्हतं.

नाव हिंमतराव देवरे. गाव पिंपळनेरच्या पलीकडचं, जिथून डोंगर सुरू होतात तिथलं. घरातल्या वडीलधाऱ्याला आमच्याकडे जिभाऊ म्हणतात, हे मात्र अख्ख्या कॉलनीचे जिभाऊ होते. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना जिभाऊच म्हणत. सरकारी प्रशिक्षण संस्थेत पोरांना गवंडीकाम शिकवण्यात त्यांची हयात गेली. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, आणि इतरांचं पेन असतं त्या खिशात पितळी ओळंबा. त्याच्या वजनाने प्रत्येक शर्टाचा खिसा लोंबलेला असायचा. लग्नाला गेले की मांडवाचा खांब, देवळात गेले की गाभाऱ्याची चौकट, दवाखान्यात गेले की खुद्द डॉक्टरांच्या केबिनची भिंत, सगळ्याला ओळंबा लागायचा. त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, लाजेने अर्ध्या होत. "लोके देवदर्शन करतस, आनि हाऊ मानूस भिंत दखस," असं म्हणत त्या पदर ओढून पुढे चालू लागत.

त्यांच्या स्कूटरचा उजवीकडचा दिवा कायम लुकलुकत असे. स्कूटर सरळ जावो नाहीतर डावीकडे वळो, दिवा उजवा. मी एकदा न राहवून सांगितलं. म्हणाले, "ठाऊक आहे ताई. सगळ्या पिंप्राळ्याला ठाऊक आहे. आता बंद केला तर लोक गोंधळून धडकतील." अशा माणसाशी वाद तरी काय घालणार?

त्यांना मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय एकाच अपघातात गेली, तेव्हा त्यांचं नुकतं चालायला लागलेलं पोर अक्कांनी कडेवर घेऊन जळगावला आणलं. तो भटू. अक्कांना तो आई म्हणायचा आणि जिभाऊंना मात्र जिभाऊच. मोठा झाल्यावर तोही जिभाऊंच्याच संस्थेत, त्यांच्याच हाताखाली गवंडीकाम शिकला. जिभाऊ त्याच्याशी समोरासमोर एक चांगला शब्द बोलत नसत. त्याने गिलावा केला की हे बॅटरी भिंतीला आडवी टेकवून उजेड पाडायचे, उंचसखल दिसतंय का बघायचे आणि "बरं शे" म्हणून बॅटरी विझवायचे. मग कंपाउंडशी येऊन मला हळूच सांगायचे, "ताई, पोऱ्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. त्याला बोलू नका." भटूला ते अर्थात माहीत होतं. आपण दाखवतो तेवढे कठोर आहोत असं त्या घरात एकट्या जिभाऊंनाच वाटायचं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्रकरण माझ्याकडे असे. ते सुरू झालं की पोरं खिडकीबाहेर बघायची आणि मी घड्याळाकडे. जिभाऊ निवृत्त झाल्यावर एका सकाळी वर्तमानपत्र घेऊन आले. "ताई, हे तुमच्या खात्यातलं दिसतंय." बातमी अशी होती की आपल्या सरकारने एका देशाशी करार केलाय. त्या देशाला बांधकामावर माणसं हवीत, गिलावा करणारी, फरशी बसवणारी. तीन वर्षांचा परवाना, मुदत संपली की परत यायचं. बायकामुलांना नेता येणार नाही. त्या देशाचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. कुठलंही घातलं तरी ही हकिगत बदलत नाही.

मी त्यांना वर्गात सांगते तसं सांगितलं. देशादेशांचे करार होतात तेव्हा आधी माल जातो, मग पैसा जातो, मग बँकवाले आणि संगणकवाले जातात. सगळ्यांत शेवटी, दार अगदी किलकिलं करून, हाताने काम करणाऱ्यांना घेतात. तेही मोजके आणि मुदतीपुरते.

"शेवटी का?"

"माणूस गेला की तिथेच राहून जाईल अशी त्यांना भीती असते."

जिभाऊ मोठ्याने हसले. "आमची माणसं राहून जातील? ताई, श्रावणात सुरतला जाऊन बघा एकदा. तिथं कामाला गेलेली आमची माणसं कानबाईच्या सणाला घरी येतात, अर्धं सुरत मोकळं होतं. मालक शिव्या देतो, आणि आठवड्यानं त्याच माणसाला कामावर घेतो." मग वर्तमानपत्राची नीट घडी घालत म्हणाले, "म्हणजे हे लांबचं सुरत. एवढंच ना?"

ती व्याख्या मला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात वापरली. पोरांनी पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढली.

त्यानंतर कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर जिभाऊंची शाळा सुरू झाली. साक्री, पिंपळनेरकडची पोरं यायची, जळगावातली यायची. सकाळी भिंत बांधायची, गिलावा करायचा, जिभाऊंनी ओळंबा आणि बॅटरी लावायची, आणि संध्याकाळी माल घट्ट व्हायच्या आत तीच भिंत पाडून विटा धुऊन रचून ठेवायच्या. येणारेजाणारे विचारत, "जिभाऊ, काय बांधताय?" ते म्हणत, "आज काहीच नाही." रोज बांधलेलं रोज पाडताना पोरांचं तोंड उतरायचं. जिभाऊ म्हणायचे, "तिथं तरी काय वेगळं आहे? बांधायचं आणि सोडून यायचं. आत्ताच सवय करा."

पण त्यांचा खरा विश्वास गिलाव्यापेक्षा भाकरीवर होता. परदेशातून माणूस पळून येतो तो कामाला कंटाळून नव्हे, तर खाण्यापायी, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे दर शनिवारी दुपारी थाप्या बाजूला ठेवून भाकरीचा वर्ग भरायचा. चुलीपुढे अक्का, आणि समोर मांडी घालून मिशीवाले, दणकट दंडांचे बाप्ये ओळीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला बसलेले. सिमेंट सहज कालवणाऱ्या हातांना ते पीठ काही दाद द्यायचं नाही. कुणाची भाकरी तव्यावर टाकताना फाटायची, कुणाची नकाशासारखी पसरायची. अक्का हसून हसून डोळे पुसायच्या. मीही बघायला जायचे. एकदा जिभाऊंनी मलाच पाटावर बसवलं. माझी भाकरी बघून म्हणाले, "ताई, तुम्ही इथंच राहा. तुमचा परवाना काही होत नाही."

कराराचे इंग्रजी कागद आले की ते माझ्याकडे आणत. मी वाचून सांगायचे, ते पोरांना आपल्या भाषेत सांगायचे. त्यातच एके ठिकाणी या पोरांची वर्गवारी होती, अल्पकुशल कामगार. मी तो शब्द वाचला आणि जिभाऊंनी मला थांबवलं. "म्हणजे?" म्हणाले. मी सांगितलं. "गिलावा अल्पकुशल?" मी म्हटलं, "कागदावरचा शब्द आहे, मनावर घेऊ नका." त्यांनी घेतला, हे मला स्पष्ट दिसलं. आयुष्यभर जे शिकवलं त्याला कुणीतरी दोन शब्दांत खाली बसवलं होतं. पण दोन दिवसांनी त्यांनी त्या शब्दाचं खेळणं करून टाकलं. चहा पांचट झाला की, "आज चहा अल्पकुशल शे." महापालिकेने रस्ता खणून तसाच ठेवला की, "हे मात्र अतिकुशल." असं हसत हसत त्यांनी तो शब्द पचवला. पूर्ण पचला नसावा. पोरांना मात्र त्यांनी तो कधीच कळू दिला नाही.

निवड झाली त्या दिवसाची गोष्ट ते शंभरदा सांगत. आमच्या पोरांनी भिंतीला हात लावण्याआधी थापी कपाळाला लावून नमस्कार केला. तिकडून आलेला परीक्षक चमकला आणि दुभाष्याला विचारू लागला, हे काय करतायत? दुभाष्याने वेळ मारून नेली. तो म्हणाला, काम सुरू करण्यापूर्वी हत्यार तपासायची यांच्याकडे पद्धत आहे. परीक्षक खूश झाला, आणि सुरक्षिततेचे गुण सगळ्यांना पैकीच्या पैकी. जिभाऊ सांगताना स्वतःच इतके हसत की शेवटचं वाक्य अक्कांना पुरं करावं लागे.

त्या यादीत भटू होता. तो जाणार हे ठरल्यावर त्याचं लग्नही जमलं. मुलगी सावद्याची, वडील केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला. परवान्याची मुदत संपवून तो आला की लग्न. हल्ली आमच्याकडे गवंड्याला मुलगी कोण देतो? पण परदेशी गेलेल्या गवंड्याला देतात. भटूने मुलीचा फोटो मला दाखवला तेव्हा जिभाऊ उगीचच कंपाउंडच्या भिंतीला ओळंबा लावत उभे होते. स्टेशनवर निरोप देतानाही ते भटूशी बोलले नाहीत, त्याच्या बॅगेची चेन तेवढी दोनदा उघडून पुन्हा लावली.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशाबाहेरच्यांना ही देवी फारशी ठाऊक नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. त्या दिवशी भाऊबंदकीतला प्रत्येक माणूस, असेल तिथून, घरी येतो. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून त्यांचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खाऊन पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही. देवऱ्यांच्या घरात मुठी भरायचा मान वडीलधारे म्हणून जिभाऊंचा. भटू गेला त्या वर्षी त्याच्या नावाची मूठ त्यांनी भरली आणि त्याच्या वाटणीचा रोटही त्यांनीच खाल्ला. अक्का मला नंतर म्हणाल्या, "गिळे ना त्यासले. पानी पिऊ पिऊ खादा."

पुढच्या श्रावणात मी मुलीकडे पुण्याला होते. त्यामुळे त्या आठवड्यात शेजारच्या घरात काय बोलणी झाली ती मला नंतर कळली. भाऊबंदांपैकी कुणीतरी टोचून बोललं होतं की ज्याची मूठ भरता तो माणूस कुठे आहे? जिभाऊंनी भटूला फोन लावला. "कानबाईले ये," म्हणाले. भटू म्हणाला, इथे तशी पद्धत नाही. "मुकादमले इचार. मानूस सनले घर जास, त्यामा काय शे?" भटूने मुकादमाला विचारलं. मुकादम भला माणूस होता. जा म्हणाला, तुझी जागा मी राखून ठेवतो. मुकादम हो म्हणाला हे कळताच जिभाऊंचं समाधान झालं. सुरतला ज्याने कामावर घेतलं त्याने हो म्हटलं की झालं. आणखी दुसऱ्या कुणाला विचारावं लागतं असं त्यांच्या अख्ख्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं.

मी परतले ती विसर्जनाच्या दिवशी थेट त्यांच्या गावी. अक्कांनी मला रोटाचा घास दिला नाही, वेगळं ताट वाढलं आणि त्याचं त्यांनाच वाईट वाटत होतं. पण मला जे पाहायला मिळालं त्यावर मी खूश होते. डोक्यावर कानबाई घेतलेली बाई पुढे, मागे डफ, आणि नदीच्या वाटेवर जिभाऊ नाचत होते. शर्टाच्या बाह्या दंडापर्यंत चढवलेल्या. इतक्या वर्षांत त्यांचे कोपर मी पहिल्यांदा पाहिले. एका हाताने त्यांनी भटूचं मनगट धरलं होतं, सोडतच नव्हते. भटू लाजत होता, पण नाचत होता. सावद्याची मंडळीही आली होती. माझ्या मनात आलं, लांबचं का होईना, सुरत ते सुरतच.

चार दिवसांनी भटू पापड, कुरडया आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन मुंबईला गेला. आणि त्याच्या पुढच्या सकाळी मी झाडांना पाणी घालत असताना रिक्षा थांबली आणि तोच बॅग घेऊन उतरला. जिभाऊ अंगणात होते.

"काय व्हयनं रे?"

"विमानतळवरथीन परत धाडं," भटू म्हणाला. "परवाना रद्द व्हयेल शे. तो देश सोडा की परवाना खलास म्हनतस."

"पन मुकादम हो म्हनना ना?"

"मुकादमना हातमा नव्हतं ते, जिभाऊ."

अक्कांनी बॅग आत नेली. जिभाऊ पायरीवर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, ती अट मला पुन्हा वाचून दाखवा." मी वाचली. त्यात ते सरळ लिहिलं होतं. आणि पुढे हेही की एकदा परवाना गेलेल्याला त्या करारात पुन्हा घेणार नाहीत. जाण्याआधी ती अट मीच त्यांना वाचून दाखवली होती, त्यांनी ती प्रत्येक पोराला समजावली होती, आणि बाकी कुणाच्याही घरून बोलावणं गेलं नव्हतं. "वीस पोरांना शिकवलं," म्हणाले, "आणि घरच्या पोराचा हात धरून खाली ओढला." मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते ऐकतच नव्हते.

महिनाभराने सावद्याहून मुलीचे वडील आले. सोबत केळीची फणी आणली होती, चहा घेतला, पाऊसपाण्याचं विचारलं, आणि उठताना अगदी हळू आवाजात म्हणाले की मुलीच्या मामांनी दुसरीकडे शब्द दिलाय. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. इतक्या चांगुलपणाने मोडलेल्या सोयरिकीवर चिडताही येत नाही. ते गेल्यावर त्या फणीकडे बघत जिभाऊ मला म्हणाले, "ताई, सावद्याची केळी बोटीत बसून कुठल्या कुठं जातात. त्यांना कुणी अडवत नाही. का सांगू? केळीला सणाला घरी कुणी बोलावत नाही."

इतकी वर्षं मी तो विषय शिकवला. पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

भटूने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. तो सुरतला फरशीकामाला गेला, कानबाईला यायचा, रोट खायचा, परत जायचा. जिभाऊ त्याच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले, आणि तेच ऐकायला जड जायचं. त्याच्या कामाला नावं ठेवणं बंद झालं. शाळाही बंद झाली. प्लॉटवरच्या विटा कुणी एकेक करून उचलून नेल्या. विचारायला येणाऱ्या पोरांना जिभाऊ दारातूनच सांगत, "दुसऱ्याला विचारा रे. माझ्यावर भरवसा ठेवू नका." मी रागावले त्यांच्यावर. म्हटलं, एका चुकीपायी सगळी विद्या माळ्यावर टाकणार का? तर म्हणाले, "भिंत पाडून पुन्हा बांधता येते ताई. म्हणून तर ती विद्या मी शिकवू शकलो."

मग दुसऱ्याच एका देशाशी करार झाला, फरशीवाल्यांसाठी. भटूने सुरतहूनच अर्ज केला आणि निवडला गेला. निघायच्या आधी तो पाया पडायला आला तेव्हा मी तिथे होते. जिभाऊंनी त्याला उठवलं, दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "आते मी मरी गऊ तरी येऊ नको." अक्का ओरडल्या त्यांच्यावर. निघायच्या शुभवेळी असं बोलतात का? पण ते थट्टा करत नव्हते. भटूकडून त्यांनी हो वदवून घेतलं.

हा करार वेगळा होता. वर्षातून एकदा महिनाभर सुट्टी, घरी जा, परत या, परवाना तसाच. मी तो कागद त्यांना वाचून दाखवला, एकदा नव्हे, जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तेव्हा. ते लक्ष देऊन ऐकत आणि म्हणत, "कागद म्हणतोय खरं. पण आपण एकदा पाहिलंय ना." पहिल्या वेळी अट लिहिलेली असून त्यांना ती खरी वाटली नव्हती. आता सवलत लिहिलेली असून ती खरी वाटत नव्हती. मी चिडून म्हटलं, "जिभाऊ, तुम्हाला आता छापलेलं काहीच पटत नाही का?" त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. कानबाईला भटूच्या नावाची मूठ भरायचे, गावाहून परतायचे, आणि त्याचा फोन आला की सांगायचे, "बठ्ठं मस्त व्हयनं. तू नव्हता तरी काही अडनं नही." एवढं खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आयुष्यभर ओढलेली सिमेंटची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. आधी खोकला, मग जिना चढताना धाप, मग एका वर्षी आषाढात, कानबाईच्या दोन आठवडे आधी, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळचं माणूस एकच होतं. जिभाऊंनी अक्कांना आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला, शपथ घातली, भटूला कळवायचं नाही. अक्कांनी दोन दिवस शपथ पाळली आणि मग माझ्यापाशी रडल्या. आम्ही दोघींनी ठरवलं की शपथ गेली खड्ड्यात, उद्या सकाळी फोन करायचा. पण ती सकाळ उजाडायच्या आतच जिभाऊ गेले.

भटू आला तो दहाव्याला. दिवस घातले, अक्कांजवळ राहिला, सुट्टी संपल्यावर परत गेला. त्याला ना इथे कुणी अडवलं ना तिथे. आजही तो तिथेच आहे आणि दर वर्षी महिनाभर येतो.

मी जिभाऊंना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या आदल्या दुपारी. अक्का आंघोळीला घरी गेल्या होत्या, म्हणून मी बसले होते. नाकाला नळी, दोन उशांना टेकून अर्धवट बसलेले, बोलायची मनाई. तेवढ्यात उशाखालचा फोन वाजला. भटूचा. मी घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. खुणेने मला खिडकी उघडायला सांगितली. बाहेर रिंग रोड. ट्रकांचे भोंगे, भाजीवाल्याचा भोंगा, सगळा गोंगाट खोलीत शिरला. मग त्यांनी नाकाची नळी काढली, छाती भरून घेतली आणि फोन घेतला. फोन हातात पेलवेना म्हणून मांडीवर ठेवून स्पीकर लावला होता, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"हां भटू, बोल. मी? मी बजारमा शे रे. भरीतना वांगा लेवाले उनू." आवाज इतका खणखणीत की मी बघतच राहिले.

"जिभाऊ, मनी सुट्टी मंजूर व्हयनी," भटू म्हणत होता. "पुढला आठवडामा निंघस. कानबाईले पोहोचस. तिकीट काढू ना?"

मी हातवारे करत होते, मानेने हो हो म्हणत होते. जिभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात जागीच थांबला.

"नको काढू."

"आठे बठ्ठासले सुट्टी भेटस, जिभाऊ. मना संगेना दोन जन घर जाईसन परत बी उनात."

"त्यासनं त्यासले. तू येऊ नको. तुनी आई मजामा शे, मी मजामा शे. आठे काय शे तुनं? काम कर." एवढं बोलून त्यांना थांबावं लागलं. खोकला वर येत होता तो त्यांनी ओठ घट्ट मिटून दाबला. डोळ्यांत पाणी आलं. "ठेव आते. वांगावाला थांबेल शे."

फोन माझ्याकडे देऊन त्यांनी नळी पुन्हा नाकाशी धरली. बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिले, मी पाठीवर हात फिरवत होते. मग जरा हुशारी आल्यावर माझ्याकडे वळून अगदी समाधानाने म्हणाले, "ताई, पोऱ्या वाचला."